रुग्ण आलाच नाही, तेव्हा: दवाखान्यातल्या फॉलोअपची पद्धत

‘पंधरा दिवसांनी दाखवायला या.’ नाशिकच्या कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं, आणि ज्यांना ते सांगितलं जातं त्यातले बरेच जण पंधरा दिवसांनी येत नाहीत. मग दोन महिन्यांनी कुणाला तरी आठवतं, ‘त्या सातपूरच्या काकांचं पुढे काय झालं?’ आणि शोधाशोध सुरू होते. केसपेपरवरचा नंबर लागत नाही, पत्त्याच्या जागी नुसतं ‘सातपूर’ असतं, रिपोर्ट कुणी पाहिला ते कुणालाच आठवत नाही.

पाठपुराव्याची सुरुवात रुग्ण समोर बसलेला असतानाच करावी लागते. तो गेल्यावर केली तर हातात फक्त बंद पडलेला नंबर उरतो. एकट्या डॉक्टरचा दवाखाना आणि लहान नर्सिंग होम यांना झेपेल अशी पद्धत पुढे दिली आहे. सॉफ्टवेअर लागत नाही. एक जाड डायरी, दोन रंगांची पेनं आणि रोजची पंधरा मिनिटं लागतात.

जबाबदारी कुठपर्यंत, हा प्रश्न आधी मिटवू. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार एकदा रुग्ण हाती घेतला की त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि उपचारातून अंग काढायचं तर रुग्णाला व घरच्यांना पुरेशी पूर्वसूचना द्यावी लागते. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. कुणालाही घरातून ओढून आणायचं बंधन आपल्यावर नाही. पण ‘तो आलाच नाही’ हे उत्तर किती टिकेल, ते आपण आधी काय समजावलं, नंतर काय केलं आणि त्यातलं काय लिहून ठेवलं यावर ठरतं. माझ्यापुरतं सांगायचं तर कायदा ही दुय्यम गोष्ट आहे. न आलेला रुग्णही आपलाच रुग्ण असतो, म्हणून हे करायचं.

१. रुग्ण समोर असताना: नंबर, ठिकाण, परवानगी

नंबर लिहून घेतला की लगेच त्यावर एक मिस्ड कॉल द्या. रुग्णाच्या खिशात फोन वाजला तर नंबर त्याचा. नाही वाजला तर विचारा, ‘हा कुणाकडे असतो?’ बरेचदा तो मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला असतो. बाईंनी दिलेला नंबर त्यांच्या मालकांचा असतो आणि ते दिवसभर कंपनीत असतात, जिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. म्हणून नंबराशेजारी तीन गोष्टी लिहा: फोन कुणाचा, कुठल्या वेळी लागतो, आणि तो नाही लागला तर दुसरा कुणाचा. अंबड-सातपूरच्या कामगाराला ‘शिफ्ट कुठली?’ हे विचारल्याशिवाय फोनची वेळ ठरवू नका. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी अकराला उठवलं तर तो पुढच्या वेळी फोनच घेणार नाही.

पत्त्याचं नाशिक जिल्ह्यात वेगळंच गणित आहे. सुरगाणा, पेठ, हरसूल भागातून माणसं टोळीने दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांवर कामाला येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी, पुढे विरळणी, जानेवारीपासून काढणी. आधारकार्डावर पाड्याचा पत्ता असतो आणि माणूस चार महिने मळ्यातल्या खोलीत राहत असतो. त्यामुळे ‘पत्ता काय?’ एवढं विचारून भागत नाही. ‘आत्ता कुठे उतरलाय? कुणाच्या मळ्यात? तिथं कधीपर्यंत? नंतर कुठं जाणार?’ असं विचारा. मुकादमाचा नंबर घ्यायला हरकत नाही, पण तो फक्त निरोपापुरता.

त्याच बैठकीत परवानगी विचारा: ‘तुमच्या तब्येतीबद्दल घरात कुणाशी बोललेलं चालेल?’ उत्तर शब्दशः लिहा. ‘फक्त बहिणीशी’ म्हणाल्या तर फक्त बहिणीशी. एचआयव्ही आणि मानसिक आजार यांच्यासाठी २०१७ चे दोन स्वतंत्र कायदे गोपनीयतेची हमी देतात, त्यामुळे तिथे तर अंदाजाने चालायचंच नाही.

*तपासा:* रुग्ण दारातून बाहेर पडताना केसपेपरवर दोन नंबर, सध्याचं ठिकाण, फोनची वेळ आणि ‘कुणाशी बोलायचं’ हे आहे का? एक जरी राहिलं तर परत बोलवा. अजून तो चप्पलच घालत असेल.

२. तारीख द्या, अंदाज देऊ नका

‘पंधरा दिवसांनी’ ही तारीख नव्हे. ‘गुरुवारी, १२ तारखेला, सकाळी’ ही तारीख. ती वार धरून सांगा, कारण गावाकडची माणसं वार लक्षात ठेवतात. रुग्णाच्या गावचा आठवडेबाजार कधी असतो ते विचारून त्या दिवसाशी जुळवलं तर एसटीचं भाडं एकदाच लागतं. सिंहस्थात पर्वणीच्या आसपास पंचवटीतल्या रुग्णाला तारीख देऊ नका. रस्ते बंद असतात. चैत्रात सप्तशृंगी गडावर जाणारे आणि पौषात निवृत्तिनाथांच्या दिंडीला त्र्यंबकला निघणारे रुग्ण ओळखीचे असतील तर आधीच विचारून घ्या.

तारखेला कारण जोडा, एका वाक्यात. ‘या गोळीने किडनीवर ताण येतोय का ते रक्तातून बघायचंय, म्हणून १२ तारखेला.’ कारण नसलेली तारीख रुग्णाला फीची तारीख वाटते. हे कटू आहे, पण खरं आहे. मग त्यालाच विचारा, ‘कधी यायचं आणि कशासाठी, सांगा बरं?’ दोन्ही बरोबर आलं तरच फाईल द्या.

लांबणाऱ्या उपचारात अजून एक गोष्ट आधी सांगायची असते: बरं कधी वाटेल ते. क्षयरोगात औषधं किमान सहा महिने चालतात, पण बहुतेकांना दोन महिन्यांच्या आतच ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं. उपचार सोडण्याची वेळ तीच. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, ‘दोन महिन्यांनी तुम्हाला वाटेल आपण बरे झालो. त्या दिवशी मला फोन करायचा, गोळी बंद करायची नाही.’ लघवी नारिंगी-लाल होईल हेही सांगा. ते न सांगितल्यामुळे घाबरून पहिल्या आठवड्यात गोळ्या सोडणारे मी पाहिले आहेत.

३. सगळ्यांमागे धावू नका, आधी निवडा

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही दवाखाने कुणालाच फोन करत नाहीत. काही जण सर्दीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यांना एकच व्हॉट्सअॅप संदेश पाठवतात, तो वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखा न वाचताच पुढे सरकतो. रुग्ण उठून गेल्याबरोबर डॉक्टरने स्वतः ठरवायचं: लाल, पिवळा की साधा.

लाल म्हणजे तारीख चुकली तर जीव किंवा अवयव जाऊ शकतो. माझ्या यादीत हे असतात:

बायोप्सी किंवा गाठीतलं पाणी तपासायला पाठवलेला प्रत्येक रुग्ण. रिपोर्ट साधा येईल असं वाटत असलं तरीही.

क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण. राष्ट्रीय कार्यक्रमात सलग एक महिना औषध तुटलं की उपचार सुटला असं धरतात. तो महिना हिशेबासाठी आहे, तोवर वाट बघायची सूट म्हणून नाही. पहिल्या चुकलेल्या दिवसाला फोन.

मुतखड्यानंतर डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रमार्गात तात्पुरती नळी, घातलेला रुग्ण. दुखणं थांबतं, आत नळी आहे हे माणूस विसरतो, आणि महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवर खडे चढून किडनी धोक्यात येते. शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली असली तरी ‘नळी काढली का?’ हे तुमच्या डायरीत हवं.

कुत्रा चावलेला. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, २८ आणि स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४, २८ हे दिवस. डोस चुकला तर आल्याबरोबर द्यायचा आणि पुढे चालू ठेवायचं. पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. ‘आता चुकलंच, जाऊ दे’ म्हणून येणं थांबवणाऱ्याला हे फोनवर सांगितलं की तो येतो.

आरएच निगेटिव्ह रक्तगटाची गरोदर बाई. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. गर्भपात झाला असेल तरी विचारायचं.

गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, अंगावर कावीळ दिसणारं नवजात बाळ, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, रक्त गोठू न देणारं वॉर्फरिन चालू असलेला माणूस, फिट्सचं औषध नुकतंच सुरू केलेला, आणि ज्याने ‘जगावंसं वाटत नाही’ असं एकदा जरी म्हटलंय तो.

पिवळ्यात मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, दमा, बाळाच्या ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी, प्लॅस्टर. बाकी सगळे साधे.

*सावध:* ‘हुशार आहे, शिकलेला आहे, येईल’ या भरवशावर लालचा पिवळा करू नका. गंगापूर रोडचा इंजिनिअर आणि पेठची मजूर बाई, दोघंही सारख्याच सहजतेने विसरतात.

४. डायरी तारखेप्रमाणे, नावाप्रमाणे नाही

रजिस्टरमध्ये आलेल्या क्रमाने नावं लिहिली की कोण आलं नाही हे कधीच कळत नाही, कारण न आलेल्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून रुग्ण ज्या दिवशी यायचा आहे त्या दिवसाच्या पानावर त्याचं नाव आजच लिहा. नाव, केस नंबर, कशासाठी, दोन फोन. लाल असेल तर लाल पेनाने. तो दिवस संपताना पान उघडायचं: आलेल्यांवर बरोबरची खूण, उरलेले उद्याच्या कामात. एवढंच. हे काम नावाने एकाच व्यक्तीला द्या. ती रजेवर असेल तेव्हा कोण, तेही डायरीच्या पहिल्या पानावर लिहा. ‘सगळे मिळून बघतो’ म्हणजे कुणीच बघत नाही.

रिपोर्टसाठी मागच्या बाजूने वेगळी यादी चालवा. तिला चार रकाने हवेत: पाठवला, आला, डॉक्टरने पाहिला, रुग्णाला सांगितला. चारही रकान्यांत तारीख असल्याशिवाय ओळ पुरी होत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका ताईंच्या स्तनातल्या गाठीचा नमुना मी तपासायला पाठवला. रिपोर्ट वेळेत आला, मोबाईलवर. रिसेप्शनवर तो प्रिंट करून फाईलला लावला गेला आणि फाईल त्या यायची वाट बघत रॅकवर उभी राहिली. ताई घरी शांत होत्या. त्यांना वाटत होतं, काही वाईट असतं तर डॉक्टरांचा फोन आला असता. मला वाटत होतं, रिपोर्ट आलाच नसावा. त्यात चाळीस दिवस गेले. त्या दुसऱ्याच कामाला आल्या तेव्हा फाईल उघडली. आज त्या बऱ्या आहेत, पण ते चाळीस दिवस त्यांच्या आयुष्यातून माझ्यामुळे गेले, आणि हे मी त्यांना तेव्हाच तोंडावर सांगितलं.

*सावध:* ‘रिपोर्ट चांगला असेल तर फोन करणार नाही’ हे वाक्य दवाखान्यातून कायमचं काढून टाका. चांगला असो, वाईट असो, कळवणार. आणि ‘८ तारखेपर्यंत माझ्याकडून काहीच कळलं नाही तर तुम्ही फोन करा’ असं रुग्णाला सांगा. म्हणजे दोन्ही बाजूंनी दोर ओढलेला राहतो.

५. फोनची पायरी

लाल रुग्ण: चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन, नाही लागला तर संध्याकाळी दुसरा. तिसऱ्या दिवशी पर्यायी नंबर. तरीही नाही तर डॉक्टरने स्वतः फोन करायचा; तुमचा आवाज ऐकून जे होतं ते रिसेप्शनच्या फोनने होत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पत्र, आणि क्षयरोगाचा रुग्ण असेल तर सरकारी यंत्रणेला कळवणं. खासगी डॉक्टरलाही क्षयरोगाची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, त्यामुळे रुग्ण निक्षय या सरकारी नोंदणी पोर्टलवर असणारच. शहरात महापालिकेचं आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेचं क्षयरोगाचं काम बघणाऱ्यांकडे घरापर्यंत जाणारी माणसं असतात. त्यांना दिवस वाया न घालवता सांगा.

काही लाल रुग्णांसाठी ही पायरीही फार सावकाश आहे. अँटी-डीची बाई, कावीळ झालेलं बाळ आणि जगण्याला कंटाळलेला माणूस यांच्यासाठी सगळे फोन त्याच दिवशी, तासांच्या हिशेबाने.

पिवळ्यासाठी तीन दिवसांनी संदेश, आठवड्याने एक फोन, महिन्याने अजून एक. साध्यासाठी फार तर एक संदेश.

फोनवर काय बोलायचं हे कागदावर लिहून रिसेप्शनच्या काचेखाली ठेवा. ‘का नाही आलात?’ ने सुरुवात केली की माणूस खोटं बोलतो किंवा फोन ठेवतो. ‘नमस्कार काका, डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलतेय. गुरुवारी तुमची वाट बघितली. तब्येत कशी आहे? गोळ्या शिल्लक आहेत का?’ असं बोला. गोळ्यांच्या प्रश्नाला आलेलं उत्तर बाकी सगळं सांगून जातं.

दुसऱ्याने फोन उचलला तर एवढंच: ‘त्यांना दवाखान्यात फोन करायला सांगाल का?’ ‘कशाबद्दल?’ असं विचारलं तर, ‘त्यांच्याशीच बोलायचंय.’ सून असो, सासू असो, मुकादम असो, आजाराचं नाव नाही. व्हॉट्सअॅपवरही नाही. घरात एकच फोन चौघांत फिरतो, आणि संदेश वर येतो तेव्हा तो कुणाच्या हातात असेल ते आपल्याला माहीत नसतं.

प्रत्येक प्रयत्न केसपेपरवर लिहा: तारीख, वेळ, कुठला नंबर, कुणी उचलला, काय म्हणाले, कुणी फोन केला. ‘फोन केला, लागला नाही’ ही नोंद अपुरी आहे.

६. कारण शोधा, मग तारीख द्या

फोन लागला, रुग्ण ‘येतो’ म्हणाला आणि पुन्हा आला नाही, असं झालं की कारण तसंच आत राहिलंय. मी सर्वात आधी औषधाच्या त्रासाबद्दल विचारते, कारण ते लोक आपणहून सांगत नाहीत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने पोट बिघडलं, रक्तदाबाच्या रामिप्रिलने कोरडा खोकला लागला, आणि डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गुपचूप बंद केलं. औषध बदलता येतं, हे त्यांना माहीतच नसतं.

मग पैसे. थेट विचारलं तर ‘नाही, तसं काही नाही’ असं येतं. ‘महिन्याच्या गोळ्यांना किती लागतात सध्या?’ असं विचारलं की बोलणं सुरू होतं. जनऔषधी केंद्रातली गोळी, त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात मिळणारं मोफत औषध, शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना. नुसती नावं सांगू नका. चिठ्ठी लिहून द्या, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगा.

अंतर किंवा शिफ्ट हे कारण असेल तर २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांचा उपयोग करा. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाचा पुढचा सल्ला फोन किंवा व्हिडिओवर देता येतो. रक्तदाबाचे आकडे फोनवर घेऊन गोळी चालू ठेवणं हे रुग्ण पूर्ण हरवण्यापेक्षा कितीतरी बरं.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल तर मनाला लावून घेऊ नका. कुणाकडे, काय चालू आहे ते लिहा, आणि कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्या. आचारसंहितेतला तो नियमच आहे. भगताकडे गेला असेल तरी भांडू नका. ‘तेही करा, ही गोळीही घ्या’ एवढ्यावर माझे कितीतरी रुग्ण टिकले आहेत.

७. नाही म्हणाला तर

सज्ञान माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे. पण नाकारताना त्याला काय माहीत होतं, हे आपल्याला सिद्ध करता यायला हवं. फोनवर साध्या मराठीत सांगा: काय आहे, उपचार न घेतल्यास काय होऊ शकतं, किती दिवसांत. मग त्याने काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. लाल रुग्णाला याउपर एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा. पाकिटावर दवाखान्याच्या नावाशिवाय काहीही नको. मजकूर असा:

‘सप्रेम नमस्कार. आपण ५ तारखेला तपासणीसाठी येणार होता. आपल्याला आम्ही तीन वेळा फोन केला. आपला रिपोर्ट आला असून त्यावर लवकर उपचार होणं आवश्यक आहे. उशीर झाल्यास आजार वाढू शकतो. कृपया सात दिवसांच्या आत या किंवा सोयीच्या कुठल्याही डॉक्टरांना दाखवा. कागदपत्रं आम्ही देऊ. पैशाची किंवा येण्याची अडचण असल्यास फोन करा, मार्ग काढू.’

शेवटचं वाक्य गाळू नका. धमकीसारखं पत्र लिहिण्याचा मोह होतो, विशेषतः वकिलाने मसुदा दिला असेल तर.

८. तो परत आला की

दारातच ‘आता आठवण झाली का?’ असं बोललं गेलं तर वरची सगळी मेहनत वाया. रिसेप्शनपासून डॉक्टरपर्यंत पहिलं वाक्य एकच: ‘बरं झालं आलात.’ शक्य असेल तर त्याला फार वेळ बाकावर बसवू नका. कामाचा खाडा करून आलेला असतो.

जुनी चिठ्ठी तशीच पुढे ढकलू नका. कुठली गोळी किती दिवस बंद होती, हे पाकिटं बघून मोजा. क्षयरोगाचं औषध तुटलं असेल तर स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करण्याआधी थुंकीची तपासणी आणि औषध-प्रतिरोधाची चाचणी करून घ्या. फिट्सचं लॅमोट्रिजिन काही दिवस बंद असेल तर पूर्वीचा पूर्ण डोस एकदम देऊ नका. गंभीर पुरळाचा धोका असतो, कमीपासून चढवावा लागतो. वॉर्फरिनवाल्याची आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आधी, डोस नंतर.

मग नवी तारीख, नवा वार, आणि पुन्हा पहिली पायरी: नंबर तोच आहे का ते मिस्ड कॉल देऊन बघा. मधल्या काळात सिम बदललेलं असतं.

लाल नोंद बंद करायचा अधिकार फक्त डॉक्टरचा. कारणंही चारच चालतात: आला, दुसरीकडे उपचार चालू असल्याची खात्री झाली, समजून-उमजून नकार दिला, किंवा निधन. ‘फोन लागत नाही’ हे बंद करायचं कारण होत नाही. ती ओळ पुढच्या महिन्याच्या पहिल्या पानावर तशीच लाल पेनाने उतरवायची. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मी डायरी घेऊन बसते, अशा उरलेल्या ओळी मोजते आणि संध्याकाळच्या ओपीडीच्या आधी त्या नंबरांवर स्वतः एकदा फोन लावते. गेल्या वेळी सहा होत्या. दोघांनी उचलला.